भादलीचं घर

जळगाव, १२ मे १९६८

॥ श्री ॥

ती. सौ. पुष्पाअक्कास,
कौतिकचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. दाजींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही तिघं मजेत आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण खरं म्हणजे मजा एका खोलीत मावेनाशी झाली आहे. छबू आता रांगायची थांबून चालायला लागली आणि चार पावलं टाकली की स्टोव्हपाशी पोचते. त्यात घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं. त्यांनी गोड शब्दांत सांगितलं की पावसाळ्याआधी खोली मोकळी करून द्या.

जळगावात दोन खोल्यांचं भाडं ऐकलं की कारकुनाने लग्नच करू नये असं वाटतं. म्हणून रविवारी सायकल काढून गावाबाहेर घर पाहत हिंडतो आहे. आमच्या कचेरीतले बरेच जण आता असेच बाहेर राहून येऊन-जाऊन नोकरी करतात. शिरसोली पाहिली, घर अंधारं होतं. भादली पाहिली, ती मनात भरली. स्टेशन आहे, पॅसेंजरचा पास काढला की पुढचाच थांबा जळगाव. दोन खोल्या, पुढे ओटा, दारात कडुनिंब, आणि भाडं माझ्या पगारात बसणारं.

तिसरं गाव असोदा. ते तुला ठाऊकच आहे, कोकिळाचं माहेर. तिच्या वडिलांच्या, म्हणजे तोतारामनानांच्या खळ्याला लागून दोन खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. जळगावला बस आहे, सायकलनेही जाता येतं. नानांनी निरोप पाठवला की घर तुमचंच आहे. कोकिळा त्यावर काही बोलत नाही, आणि तिचं न बोलणं मला चांगलं ऐकू येतं. पण सासुरवाडीत जाऊन राहायचं म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. तू काय म्हणतेस ते लवकर लिही.

दाजींना नमस्कार. तुझा रागही चालेल पण उत्तर यावं.

तुझा,
कौतिक

---

धुळे, १९ मे १९६८

॥ श्री ॥

चि. कौतिकास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

घर पाहायला तू एकटाच सायकलवरून हिंडतोस हे वाचून हसू आलं. अरे, त्या घरात तू फक्त जेवायला आणि झोपायला येणार. दिवसभर राहणार कोकिळा. तिला घेऊन जा. विहीर किती लांब, शेजारीण कशी, पाणी खारं की गोडं, हे बाईमाणसाने पाहायचं असतं. ओटा आणि कडुनिंब पाहून घर घेणारे पुरुष मी पुष्कळ पाहिलेत, त्यातला एक माझ्याच घरी आहे.

असोद्याचं म्हणशील तर नाना देवमाणूस आहेत, पण म्हण आपल्याला पाठ आहे: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आणि आपल्या पिंपळनेरचा उखर्डू तू विसरला नसशील. बायकोच्या गावी येऊन राहिला म्हणून आबांनी त्या माणसाला जन्मभर नावाने हाक मारली नाही. ओट्यावर आला की, आज सासऱ्याने सुटी दिली का, असं सगळ्यांदेखत विचारायचे. तो मान खाली घालून कोपऱ्यात बसायचा आणि आपण पोरं खो-खो हसायचो. उद्या तू असोद्याला गेलास तर आबा त्या ओट्यावर कसे बसतील, याचा विचार कर. माझं मत भादली.

आणि आबांना लिहिताना जपून लिही. त्यांना वाचता येत नाही, चिंधा गुरुजी पत्र वाचतात आणि ओट्यावर बसून खड्या आवाजात वाचतात, निम्मं गाव ऐकतं. मागे मी सासूबाईंविषयी एकच ओळ लिहिली होती, ती साक्रीच्या बाजारातून फिरून माझ्याच घरी परत आली.

छबूचा पापा घे. तिच्या आत्याचा जीव तुमच्यात अडकलेला असतो हे विसरू नका.

तुझी,
अक्का

---

जळगाव, २६ मे १९६८

॥ श्री ॥

तीर्थरूप आबांचे चरणी,
बालक कौतिकचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या आशीर्वादाने आम्ही सर्व खुशाल आहोत. पत्रास कारण की, जळगावची खोली सोडून आम्ही भादली या गावी राहायला जात आहोत. घर नक्की झालं आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, दार पूर्वेला आणि दारात कडुनिंबाचं झाड आहे. विहिरीचं पाणी गोडं आहे. रेल्वेने कचेरीत येणं-जाणं सोयीचं आहे. गावात अजून कुणाची ओळख नाही, तेव्हा आपलं पत्र कचेरीच्या पत्त्यावरच पाठवावं.

गुडघ्याला तेल लावत जावं. गुरुजींना व ओट्यावरच्या सर्व मंडळींना रामराम.

आपल्या पायांशी,
कौतिक

---

पिंपळनेर, ५ जून १९६८

॥ श्री ॥

चि. कौतिकास,
झुलाल पाटलाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. गुरुजींनी वाचलं. मला नीट समजलं होतं तरी पुन्हा एकदा वाचायला लावलं, कारण मधेच उखर्डू येऊन बसला होता, त्याला पहिला भाग ऐकायचा राहिला असता. पोराने परक्या गावात, कुणाच्या आधाराशिवाय घर केलं हे सगळ्यांनी ऐकलं. मी काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती.

ओट्यावर माझी बाज मावेल का, ते कळव. कडुनिंबाची सावली दुपारी ओट्यावर येते की मागे जाते? तुझी आई असती तर तिने आजच बोचकं बांधलं असतं. भात झोडून झालं की मी येईन. नवा तांदूळ घेऊन येईन. सूनबाईला सांग, म्हातारा जास्त दिवस राहणार नाही, पण एकदा पोराच्या ओट्यावर निजायचं मनात आहे.

गुरुजी लिहायला कंटाळले आहेत म्हणून पुरे करतो. इकडे बठ्ठं बरं शे, सगळं ठीक.

तुझा बाप,
झुलाल
(हस्ते चिंधा गुरुजी. माझाही आशीर्वाद.)

---

असोदा, ३० जून १९६८

॥ श्री ॥

ती. सौ. अक्कास,
कौतिकचा सा. न.

वरचं गावाचं नाव वाचलंस ना? चूक नाही. आम्ही भादलीला नाही.

सामान न्यायला नानांनी असोद्याहून बैलगाडी पाठवली होती. पेट्या, अंथरुणं, पाळणा सगळं चढलं होतं आणि तेवढ्यात भादलीच्या मालकाचा माणूस आला. मालकाच्या भाच्याची बदली होऊन तो आला, घर त्याला दिलं. आमच्या खोलीत इकडे घरमालकांच्या मुलाच्या लग्नाचे पाहुणे शिरले होते. गाडीवान विचारायला लागला की आता गाडी कुठे हाकू. कोकिळाने माझ्याकडे पाहिलं नाही, छबूला घेऊन गाडीत चढून बसली. मीच म्हणालो, चार दिवस असोद्याला चल. ते चार दिवस अजून संपले नाहीत.

घर चांगलं आहे, हेच वाईट आहे. हवेशीर आहे, छबूला दूध मिळतं, कोकिळाचा आवाज मोठा झालाय. माहेरच्या गल्लीतून ती डोक्यावर पदर न घेता फिरते आणि मी मात्र परटीघडीचे कपडे घालून. इथे माझं नावच गेलं, अक्का. अख्खं गाव मला जावईबापू म्हणतं. हजामतीला बसलो तर आधीचं गिऱ्हाईक उठून मला जागा देतं. बाजारात वांगी घ्यायला गेलो तर माळीण पैसे घेईना, पिशवीभर भरताची वांगी घातली, म्हणाली जावयाकडून कसे घ्यायचे. भाड्याचं नाव काढलं तर नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

नाना तर लेकीच्या घरचं पाणी न पिणारे. घर त्यांचं, विहीर त्यांची, तरी आमच्याकडे यायचं तर स्वतःच्या घरून तांब्या भरून आणतात आणि ओट्यावर बसून त्यातलंच पितात. मला तो टोमणाच वाटला. कोकिळा म्हणते की हे घर ते आपल्या दोघांचं मानतात म्हणून तर पाणी घेत नाहीत. असेल. मला काही सुचत नाही.

मुख्य म्हणजे मी आबांना हे लिहिलेलं नाही. कसं लिहू? गुरुजी वाचणार, उखर्डू ऐकणार. तू गप्प राहा. दुसरं घर मिळालं की आपोआप सगळं सरळ होईल.

रागावलीस तरी मला टाकू नकोस,
कौतिक

---

असोदा, ३ नोव्हेंबर १९६८

॥ श्री ॥

ती. सौ. अक्कास,
कौतिकचा नमस्कार.

तू लिहिलं होतंस की दिवाळीला जा आणि आबांना एकट्याला गाठून कानात सांग. कोकिळाला आणि छबूला असोद्यालाच ठेवून मी गेलो. सांगितलं नाही.

बसमधून उतरलो तर आबा स्टँडवर उभे. हात धरून थेट ओट्यावर नेलं. सगळे जमलेले. आबा म्हणाले, आता याच्याच तोंडून ऐका भादलीचं घर. गुरुजींनी पानाचा डबा पुढे केला. अक्का, मी सांगितलं. दार पूर्वेला आहे, सकाळी ऊन चुलीपर्यंत येतं, कडुनिंबाची सावली दुपारी ओट्यावर असते, पॅसेंजरची घंटा झाली की मी भाकरीचा डबा घेऊन निघतो. जे घर मी एकदाच पाहिलं त्याचं मी असं वर्णन केलं की माझं मलाच तिथे राहावंसं वाटलं. आबा माझ्याकडे बघत नव्हते, ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

मग ते उखर्डूला म्हणाले, ऐकलं का, सासऱ्याच्या ओट्यावर अशी सावली असते का? सगळे हसले. मीही हसलो. उखर्डू म्हातारा झालाय. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहून तोही थोडं हसला, पाहुण्याचा मान राखावा तसं. त्या वेळी जमीन फाटती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर शेतात एकटाच होतो. तोंड उघडायची संधी होती. पण आदल्या दिवशी इतकं बोललो होतो की आता खरं सांगणं म्हणजे त्यांना अख्ख्या ओट्यासमोर खोटं पाडणं झालं असतं. मी भाताचा विषय काढला. भात झोडलं की येतो, असं ते पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, एवढ्यात नको, थंडी आहे, तुमचा गुडघा आहे. मुलगा बापाला येऊ नको म्हणतो, आणि बाप त्याला काळजी समजतो.

कोकिळाला वाटतं की आबांना सगळं माहीत आहे. तिला मी काय काय सांगून ठेवलंय ते तुला लिहायची हिंमत नाही. असोद्याच्या जवळपास घर पाहणं चालूच आहे.

तुझ्या मायेला पात्र नसलेला,
कौतिक

---

धुळे, १४ जानेवारी १९६९

॥ श्री ॥

चि. कौतिकास,
अक्काचे आशीर्वाद. आज संक्रांत, पण तिळगुळाचं तुला काय लिहू? जे घडलं ते सांगते.

रविवारी संध्याकाळी आबा आमच्या दारात उभे राहिले. खांद्यावर तांदळाचं पोतं, धोतर धुळीने भरलेलं. मी विचारण्याआधीच दाजींना आणि सासूबाईंना म्हणाले की कौतिककडे जाऊन आलो, भादलीहूनच येतो आहे. मी पोळ्या लाटत होते, लाटणं हातातच राहिलं.

जेवायला बसल्यावर सासूबाईंनी घर कसं आहे ते विचारलं. आबांनी सगळं सांगितलं. दार पूर्वेला, सकाळी ऊन चुलीपर्यंत येतं, दुपारी ओट्यावर सावली. सूनबाईने शेवेची भाजी केली होती, छबू मांडीवरून उतरायला तयार नव्हती, रात्री ओट्यावर बाज टाकून निजलो, अशी झोप बऱ्याच वर्षांत लागली नव्हती. तांदूळ त्यांच्याकडे भरपूर होता म्हणून थोडा तुमच्यासाठी परत आणला, असंही म्हणाले. कौतिक, पोत्याचं तोंड शिवलेलंच होतं. घराचे शब्द तू दिवाळीनंतर मला लिहिले होतेस तेच होते. दाजी म्हणाले, चला, मुलाने नाव काढलं. आबा मान हलवत जेवले आणि दुसऱ्यांदा भाजी घेतली नाही.

सकाळी मी एकटीच त्यांना स्टँडवर सोडायला गेले. तिथे त्यांनी खरं सांगितलं. तुम्हाला न कळवता आले, कारण कळवलं असतं तर तू पुन्हा थंडीचं कारण सांगितलं असतंस. शनिवारची रात्र जळगाव स्टेशनवर काढली, सकाळी भादलीला उतरले आणि घरोघर विचारत फिरले. कचेरीत जाणारा कौतिक पाटील, दारात कडुनिंब. कडुनिंबाचं घर सापडलं, त्यात दुसरीच माणसं होती. त्यांनी पाणी दिलं. मग एक म्हातारा भेटला, तो म्हणाला की कौतिक पाटील म्हणजे असोद्याच्या तोतारामचा जावई, तो तर सासऱ्याकडेच राहतो, माझी गाडी तिकडेच चालली आहे, बसा, सोडतो.

आबा बसले नाहीत. मी विचारलं की का नाही गेलात, एवढ्या लांब येऊन. ते म्हणाले, पोराने लपवलं म्हणजे त्याला माझी लाज वाटली असेल किंवा स्वतःची, मी दारात उभा राहिलो असतो तर त्याने तोंड कुठे लपवलं असतं. मग मला एकच विचारलं, तुला माहीत होतं का. मला खोटं बोलता आलं नाही. मी मान हलवली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि बसमध्ये चढले. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

छबूसाठी त्यांनी चांदीचे वाळे आणले होते, ते माझ्याकडे ठेवून गेले. तांदूळ आम्ही अजून शिजवलेला नाही. मला होत नाही.

तुझी,
अक्का

---

असोदा, १९ जानेवारी १९६९

॥ श्री ॥

ती. सौ. अक्कास,
कौतिकचा नमस्कार.

तुझं पत्र कचेरीत मिळालं. वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून बसलो. साहेबांनी विचारलं, ताप आहे का. मी हो म्हणालो. खोटं बोलायची जीभ आता आपणच पुढे येते.

त्या रविवारी मी काय करत होतो ते ऐक. नानांच्या मळ्यात भरीत-भाकरीचं जेवण होतं. माझ्यासाठी वेगळी सतरंजी अंथरली होती. भादलीला थांबणाऱ्या पॅसेंजरची शिट्टी त्या मळ्यात ऐकू येते. मी ती ऐकली असणार. केळीच्या बागांपलीकडे माझा बाप माझं नाव घेत दारोदार फिरत होता आणि मी इकडे आणखी थोडं तेल वाढा म्हणत होतो.

कोकिळाला पत्र वाचून दाखवलं. तिला पहिल्यांदाच कळलं की आबांना काही ठाऊक नव्हतं. मग तिने विचारलं की माझ्या बापाचं घर इतकं वाईट आहे का, की तुमच्या बापापासून लपवावं. उखर्डूची कथा सांगायला लागलो तर ती उठून गेली. नानांना तिने अजून काही सांगितलेलं नाही, पण आज ते तांब्या घेऊन आले तेव्हा मी मागच्या दाराने निघून गेलो. ज्या माणसाने मला छप्पर दिलं त्यालाही तोंड दाखवता येत नाही आणि ज्याने जन्म दिला त्यालाही नाही.

मी ठरवलंय. आबांना सगळं खरं लिहून टाकतो. गुरुजींना मोठ्याने वाचू दे. मी असोद्याला सासऱ्याच्या घरात राहतो, सुखात राहतो आणि खोटं बोललो. उखर्डूनेही ऐकावं, त्याचा तो हक्कच आहे. माझी जी फजिती व्हायची ती होऊ दे. तू हो म्हण म्हणजे पत्र टाकतो.

तुझा,
कौतिक

---

धुळे, २३ जानेवारी १९६९

॥ श्री ॥

चि. कौतिकास आशीर्वाद.

ते पत्र टाकू नकोस. टाकलं असशील तर पोस्टात जाऊन परत माग.

आज गुरुजींचं कार्ड आलं. आबांनी गावात जाऊन काय केलं ते त्यात आहे. ओट्यावर बसून त्यांनी भादलीचं घर सगळ्यांना सांगितलं. तू सांगितलंस त्याहून जास्त. दारात पाऊल टाकताच तू पाय धुवायला पाणी दिलंस, निघताना सूनबाईने वाकून नमस्कार केला. गुरुजी लिहितात की झुलालभाऊ इतके खुशीत कधी पाहिले नव्हते. आता तू खरं लिहिलंस तर गुरुजी ते त्याच ओट्यावर वाचतील. तुझं मन हलकं होईल आणि खोटा ठरेल तो म्हातारा. तुझी लाज झाकायला त्याने आपली अब्रू अंथरली आहे, ती तू ओढून घेऊ नकोस.

तुला शिक्षाच हवी असेल तर ती आहे. बसून लिही, की आबा, तुम्ही आलात, घर पाहिलंत, आम्हाला आनंद झाला. नीट लिही. खरं सांगायचं ते पत्रात सांगायचं नाही, समोर जाऊन सांगायचं, पण ते आबा कधी आणि कुठे ऐकतील ते आता त्यांनीच ठरवायचं. तोवर वाट बघ.

कोकिळाला माझ्याकडून सांग, तिच्या बापाचं घर वाईट नाही. भादली पसंत कर असं मीच लिहिलं होतं, ते आठवून मलाही झोप नाही.

अक्का

---

जळगाव, २ फेब्रुवारी १९६९

॥ श्री ॥

तीर्थरूप आबांचे चरणी,
कौतिकचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपण एवढ्या थंडीत, गुडघा दुखत असताना, भादलीस आलात. आपले पाय आमच्या गावाला लागले. आम्हाला आनंद झाला असं लिहिणं कमी आहे. छबू अजून दारात जाऊन उभी राहते. आपण आणलेला नवा तांदूळ आणि वाळे याबद्दल काय लिहावं ते समजत नाही. एवढं आमच्यासाठी कुणी आणलं नाही.

आपल्या सरबराईत पुष्कळ उणं राहिलं. आपल्याला हवं तसं काहीच झालं नाही. मी घरातला कर्ता माणूस असून आपली नीट विचारपूस करू शकलो नाही. आपण मोठ्या मनाने ते कुणाला जाणवू दिलं नाहीत. निघताना मी आपल्याबरोबर चालत यायला हवं होतं, आपलं ओझं मी उचलायला हवं होतं, ते मी केलं नाही, याची मला फार लाज वाटते. कचेरीतही वाटते, जेवतानाही वाटते. हे गुरुजींनी मोठ्याने वाचलं तरी चालेल.

कोकिळाने पायांवर डोकं ठेवलं आहे. तिची काही चूक नाही.

ओट्यावरच्या सर्वांना नमस्कार. उखर्डूभाऊंना माझा वेगळा नमस्कार सांगावा.

आपला अपराधी लेक,
कौतिक

---

पिंपळनेर, ११ फेब्रुवारी १९६९

॥ श्री ॥

चि. कौतिकास,
आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुजींनी वाचलं. सगळ्यांनी ऐकलं. गुरुजी म्हणाले, एवढं काय लाजायचं, बापाचीच तर सरबराई. मी म्हणालो, आजकालची पोरं फार शिकलेली, त्यांना लहान गोष्टीही मोठ्या वाटतात. मंडळी हसली. उखर्डूला तुझा नमस्कार सांगितला. त्याने तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

तू लिहितोस की उणं राहिलं. मी विचार केला. मला त्या गावात एक दिवस लागला, पण मी रिकामा आलो नाही. तुझ्या नावाचा माणूस चांगला आहे, कुणाशी वाकडं नाही, बायको-लेकरू सुखात आहे, एवढं मला तिथे लोकांकडून कळलं. बापाला याहून जास्त काय कळायचं असतं? व्याह्यांची माझी भेट राहून गेली. तोतारामभाऊंना माझा रामराम सांग आणि म्हणावं, तुमच्या लेकीला आम्ही दिलं नाही ते तुम्ही आमच्या लेकाला दिलंत, ते मी विसरणार नाही. सूनबाईला आशीर्वाद. चूक कुणाची ते तिने मनात धरू नये. पुष्पाला लिही की तांदूळ शिजवून खा, पोरकिडे लागतील.

होळी झाली की मी पुन्हा येतो. आता गुरुजींना सांगितलं आहे की पुढच्या एक-दोन ओळी माझ्याच बोलीत लिहा, गाळू नका. जळगावच्या स्टँडवर माले लेवाले ये, तू घ्यायला आल्याशिवाय मी तिथून हलणार नाही. म्हातारपणमा गाव ध्यानमा राहत नही, मागच्या खेपेला भादलीचा रस्ता विचारता विचारता थकलो. तू पुढे चाल, मी मागून येईन. जिथे नेशील ते तुझं घर. या खेपेला मी कुणाला काही विचारणार नाही.

तुझा बाप,
झुलाल
(हस्ते चिंधा गुरुजी)